इसार देण्याआधी

गाळा विकत घेणारा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा व्यवहार ठरलेला असतो. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढलेला असतो, इंडेक्स टू पाहून झालेली असते, बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेलेला असतो. "तुम्ही फक्त एकदा नजर टाका," एवढंच सांगून मला बोलावलं जातं. कागदातला एकेक शब्द तपासणारी ही माणसं काँक्रीटच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबतात, याचं मला आजही वाईट वाटतं. राहतं घर घेताना माणूस निदान नळ सोडून बघतो, कोपऱ्यातली ओल बघतो. दुकान किंवा ऑफिस घेताना रस्ता बघतो, गिऱ्हाईक बघतो, दर बघतो. मान वर करून छत कोणी बघत नाही. बघितलं, तरी तिथे पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग असतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि जुन्या इमारती तपासणं हे माझं रोजचं काम. दादरच्या एका छापखानावाल्या काकांचा व्यवहार इथे सांगतो, कारण गाळा तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यात सगळं आलं. ऐंशीच्या दशकातली इमारत, पहिल्या मजल्यावरचा गाळा. काकांना तिथे ऑफसेट मशीन बसवायचं होतं आणि कागदाचा साठाही तिथेच ठेवायचा होता. गाळ्याला नवा रंग दिलेला, जमिनीवर चकचकीत टाइल्स. "जुन्या काळचं काम आहे साहेब, असं बांधकाम आता होत नाही," विकणारा पुन्हा पुन्हा सांगत होता.

मी म्हटलं, "काका, तुमचा गाळा मला खालच्या दुकानातून बघायचाय."

पहिल्या मजल्यावर जागा घेणाऱ्याची जमीन म्हणजे तळमजल्याचं छत. त्याची खरी अवस्था खालूनच कळते. खाली कापडाचं दुकान होतं. परवानगी मिळायला वेळ गेला. अखेर दुकान बंद असण्याच्या दिवशी मालकांनी सीलिंगचे चार पत्रे उतरवून दिले आणि मी शिडीवर चढलो.

टॉर्चच्या उजेडात गिलाव्यावर तपकिरी रेघा दिसल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, थेट सळयांच्या ओळीत. हातोडीने टोकत पुढे सरकलो. चांगलं काँक्रीट खणखणीत आवाज देतं, सळईवरचं सुटलेलं काँक्रीट भद्द वाजतं. कॉलमजवळ आवाज स्वच्छ होता. वरच्या गाळ्यातल्या संडास-मोरीच्या बरोबर खाली आलो आणि तो बदलला. आणखी एकदा टोकल्यावर तळव्याएवढी खपली निघून हातात आली. आत सळई पापुद्रे सुटल्यासारखी झाली होती. लोखंड गंजलं की मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडतं. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं झिरपत होतं. वर नव्या टाइल्स आल्या, खाली नवं सीलिंग आलं, आणि मधला स्लॅब कोणालाच दिसेनासा झाला.

ताज्या फोडलेल्या भागावर मी फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत असेल तर त्यावर गडद गुलाबी रंग उमटतो, आणि हा अल्कधर्मच सळईला गंजापासून सांभाळत असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो नाहीसा झाला असेल तर रंग येत नाही. इथे सळईच्या मागपर्यंत रंग आला नाही. काका शिडीच्या पायाशी उभे राहून बघत होते. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल या चाचण्या पुढे रीतसर झाल्या, पण काकांना पटलं ते त्या न आलेल्या गुलाबी रंगामुळे.

दुसरा प्रश्न वजनाचा. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून डिझाइन करतात, दुकानाची ४०० किलो. आता ए-फोर कागदाचं ५०० पानांचं एक रीम घ्या. ते सुमारे २.३ किलोचं. अशा रिमांची पाच फूट उंच थप्पी लावली की खालच्या जमिनीवर चौरस मीटरला हजार किलोंहून जास्त भार येतो. मशीनचं वजन आणि हादरे वेगळेच. म्हणजे तो स्लॅब अगदी नवा असता, तरी कागदाचं गोदाम व्हायला बांधलेला नव्हता. म्हणून माझा पहिला प्रश्न जागेबद्दल नसतोच. तुम्ही इथे काय करणार आहात, हे मी आधी विचारतो. वकिलाच्या कार्यालयाला चालणारा मजला औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला चालेलच असं नाही.

मग शेजारी. तळमजल्यावर कोणी दर्शनी भाग मोकळा करण्यासाठी कॉलम तासलाय का, पोटमाळ्यासाठी बीममध्ये लोखंड घुसवलंय का, हे फिरून बघावंच लागतं. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा ठपका त्या दुर्घटनेत ठेवला गेला. तुमच्या गाळ्याचा दस्त तुमच्या नावावर होतो, पण त्याला उचलून धरणारे खांब दुसऱ्याच्या दुकानात असतात.

बाकीचं थोडक्यात सांगतो. मंजूर नकाशा हातात घेऊन गाळ्यात उभे राहा. नकाशात नसलेला पोटमाळा आणि पुढच्या मोकळ्या जागेत ओढलेली शेड यांचे पैसे मोजू नका. मुंबईत ३० वर्षं ओलांडलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारक आहे. सोसायटीकडे तो अहवाल मागा आणि इमारत सी-१ वर्गात, म्हणजे पाडण्याजोगी, ठरलेली नाही ना ते बघा. अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. शेवटचा कधी दिला ते विचारा. विजेचा मंजूर भार तुमच्या मशीनला पुरतो का, आधीची थकबाकी आहे का, हेही. आणि जमलं तर जागा एकदा भर पावसात बघा.

काकांनी तो गाळा घेतला. विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने मोरीचं वॉटरप्रूफिंग आणि स्लॅबची दुरुस्ती करून दिली, ती झाल्यावर आम्ही पुन्हा तपासणी केली. मशीन आणि कागद काकांनी भिवंडीच्या गोदामात तळमजल्यावर नेले, दादरला फक्त डिझाइन आणि हिशेबाचं ऑफिस ठेवलं. हे सगळं जमलं, कारण त्यांनी इसार दिलेला नव्हता. इसार हातात पडल्यावर विकणारा दुरुस्तीचं नाव काढू देत नाही, हा माझा अनुभव आहे.

तेव्हा गाळा घेत असाल तर वकिलांना सांगून इसारपत्रात एक अट लिहून घ्या: इमारतीची तपासणी माझा इंजिनिअर करील, त्याला खालच्या-वरच्या जागेत जाऊ दिलं जाईल, आणि अहवाल प्रतिकूल आला तर रक्कम परत मिळेल. विकणारा या अटीला तयार नसेल, तर दुसरा गाळा बघा.