सकाळी आठचा विसर्ग

नदीच्या विसर्गाचा आकडा फाइलमध्ये दिसतो तेव्हा त्यामागची अंगमेहनत दिसत नाही. गडचिरोली जिल्ह्यात आष्टीला वैनगंगेवर केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे. सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटरवरचं पाणी तिथून पुढे प्राणहितेकडे जातं. पात्राचे आडवे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची खोली घ्यायची, वरून सहा दशांश खोलीवर करंट मीटर सोडून वेग मोजायचा, क्षेत्रफळाला वेगानं गुणायचं आणि मग सगळ्यांची बेरीज. ऑगस्टच्या लोंढ्यात होडी पाण्यात घालणं शक्य नसतं. तेव्हा पट्टीवरची पातळी वाचतात आणि आधीच्या मोजण्यांवरून बसवलेल्या वक्रावरून विसर्ग काढतात.

म्हणजे एकाच रकान्यात दोन जातींचे आकडे आले: मोजलेले आणि काढलेले. आयोगाच्या जलवर्ष पुस्तिकेत काढलेल्या आकड्याला खूण असते. तो तक्ता कुणी एक्सेलमध्ये उतरवला की सगळ्यात आधी ही खूण उडते, कारण तिच्यामुळे बेरीज अडते. नागपुरात बसून वैनगंगा, कन्हान, वर्धेच्या फायली मी उघडत आलो, त्यात ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. पुराचे सर्वांत मोठे आकडे बहुधा काढलेलेच असतात. पुलाची उंची त्यांच्यावरूनच ठरते.

एककांचं तेच. गोसीखुर्द धरणाचा विसर्ग आमच्याकडच्या बातम्यांत क्युमेक्समध्ये (सेकंदाला घनमीटर) येतो, पुण्याकडच्या खडकवासल्याचा क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट). एक क्युमेक्स म्हणजे ३५.३१ क्युसेक. रकान्यावर नुसतं ‘विसर्ग’ लिहिलं, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? त्यात आपली लाखाची पद्धत. १,२५,००० असं लिहून सीएसव्ही फाइल केली की स्वल्पविरामाशी आकडा तुटतो आणि एकाचे तीन रकाने होतात.

कोरी जागा आणि शून्य यांतला फरक तर जपलाच पाहिजे. मे महिन्यात आटलेल्या नदीचं शून्य ही खरी नोंद आहे. एखाद्या दिवशी मोजणीच झाली नाही, ही वेगळी नोंद. जर्मनीत कोब्लेंझला जगभरच्या नद्यांच्या प्रवाहाची माहिती ठेवणारं केंद्र आहे. तिथल्या फायलींत नसलेल्या आकड्याच्या जागी उणे ९९९ घालतात. विसर्ग उणे ९९९ सहसा असत नाही, म्हणून ती खूण सहसा चुकत नाही. मात्र तिचा अर्थ फाइलच्या माथ्यावर लिहिलेला हवा, नाहीतर तीही सरासरीत मिसळते.

आणि वेळ. सकाळी आठचं वाचन आणि दिवसभराची सरासरी यांत पावसाळ्यात फार अंतर पडतं. मध्यरात्री चढून पहाटे उतरलेला पूर आठच्या वाचनात सापडतच नाही. पाण्याच्या नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी २०१२ साली मान्य झालेल्या वॉटरएमएल २.० या मानकात याची सोय आहे: आकडा त्या क्षणाचा की मागच्या काळाची सरासरी, हे आकड्यांसोबतच नोंदवता येतं, दर्जाची खूणही ठेवता येते. यंत्रांनी यंत्रांशी बोलायला ते उत्तम. पण तालुक्याच्या कार्यालयातल्या अभियंत्याला, कॉलेजातल्या विद्यार्थ्याला ते उघडणं जड जातं. त्यांच्यासाठी साधी सीएसव्हीच बरी, माथ्यावर दहा ओळी नीट लिहिलेली. तक्त्याचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ मात्र कुणालाच नको; त्यातून आकडे पुन्हा हातानं उतरवावे लागतात.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तो मध्य प्रदेशातल्या पाण्यासकट. नदी दोन राज्यांची, नोंदी अनेक खात्यांच्या. त्या एकमेकींशेजारी ठेवता आल्या, तरच पुढच्या पुराचा हिशेब जमेल.

म्हणून विसर्गाची फाइल कुणाला पाठवाल तेव्हा ठिकाण, एकक, वाचनाची वेळ, पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि मोजलेल्या-काढलेल्याची खूण एवढं त्याच फाइलमध्ये लिहा. वेगळ्या पत्रात नको, पत्र हरवतं.