मनगटाच्या मापाचं काहीतरी!

चप्पल मापाची बघतो, शर्ट मापाचा शिवतो. मग ज्या हातांवर आपला पगार चालतो, त्यांचं माप कधी घेतलंय?

रात्री दोन वाजता उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग आली, तेव्हा मी उशीला दोष दिला. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा गुपचूप डॉक्टर गाठले. निदान सोपं होतं: मनगटातली नस दबतेय. कारण त्याहून सोपं: टेबलाच्या कडेवर मनगट टेकवून रोज दहा तास कीबोर्ड बडवणं!

ऑफिसमध्ये फुकट सल्ला देणारे काय कमी असतात? कुणीतरी जेलची पट्टी सुचवली. आणली. चार महिन्यांत ती अशी चिकट झाली, की हात उचलताना चर्र आवाज यायचा. म्हटलं, चामड्याची करून घेतली तर?

आमचं घर अलोऱ्याला. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीचं गाव. पोफळीच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवून इथे त्यावर पुन्हा वीज करतात. बाबा प्रकल्पाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. लाँग वीकेंडला कीबोर्ड सॅकमध्ये टाकून घरी गेले, तर बाबा थेट त्यांच्या जुन्या चप्पलवाल्या काकांकडेच घेऊन गेले.

काकांनी कीबोर्ड उलटासुलटा करून बघितला. ‘ह्याला चप्पल घालायची?’

‘ह्याला नाही, मला. हात टेकवायला.’

काकांकडे घाटावरून आणलेलं कोल्हापुरी कातडं होतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. याच कातड्याच्या कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळाला. २०२५ मध्ये प्राडाने तशाच चपला मिलानच्या रॅम्पवर उतरवल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? हे कातडं घाम पितं, वापराने मऊ होतं आणि रंगाने गडद. जेलला हे कुठून जमायला?

मी ऐटीत माप सांगितलं: लांबी ३६ सेंटिमीटर, रुंदी आठ, उंची साडेतीन. दुसऱ्या दिवशी पट्टी तयार! चपलेच्या टाचेसारखे कातड्याचे थर, वर पातळ फोम, त्यावर मऊ कातडं आणि कडेने हातशिलाई. दिसायला भन्नाट. हात ठेवला आणि मनगट वरच्या बाजूला मुडपलं. दोन मिनिटांत मुंग्या हजर.

चूक माझीच. कीबोर्डच्या मागचे दोन पाय उघडे ठेवून मी मागची उंची मोजली होती. काका म्हणाले, ‘आधी त्याचे पाय मीट. आणि हात टेकतो तिथलं माप दे.’ पुढची कड भरली जेमतेम दोन सेंटिमीटर. काकांनी शिवण उसवली, रापीने थर उतरवले, पुन्हा शिवलं. आता तळहात आणि मनगट एका रेषेत.

बाबा शेजारी बसून सगळं बघत होते. म्हणाले, ‘टायपिंग क्लासात मनगट टेकवलं की मास्तर पट्टी मारायचे.’ डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं: टाइप करताना हात अधांतरी. थांबलात की टेकवा, तेही मनगट नाही, तळहाताची टाच. म्हणजे ही पट्टी टाइप करण्यासाठी नाहीच, थांबण्यासाठी आहे. आणि मी तर थांबतच नव्हते!

पैसे देताना लक्षात आलं, दर पाच-सहा टाक्यांनंतर काका आरी खाली ठेवून उजवा हात झटकत होते. विचारलं, तर म्हणाले, ‘रात्री बधिर होतो. वर्षं झाली.’ अंगठा आणि शेजारची दोन बोटं. माझीच बोटं! फरक एवढाच, की मी तीन महिन्यांत डॉक्टर गाठले होते आणि काकांना कुणी विचारलंही नव्हतं. सोमवारची रजा वाढवून मी त्यांना चिपळूणला फिजिओकडे घेऊन गेले. सध्या ते रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपतात. थोडं बरं आहे म्हणतात.

पट्टी ऑफिसात हिट झाली. टीममधल्या चौघांनी ऑर्डर दिली, अर्थात ‘अर्जंट’! क्लायंटच्या कुठल्याही डेडलाइनला आजवर मान हलवणारी मी, पहिल्यांदाच ठाम ‘नाही’ म्हणाले. एका आठवड्याला एकच पट्टी मिळेल. शेवटच्याने महिनाभर थांबायचं.

आणि हो, कीबोर्डचे पाय मिटून मगच माप पाठवायचं!