तबकडीची मालकी

नव्या संगणकांस तबकडीसाठीं खांचच नसते. म्हणून प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) ह्या बोलपटाच्या जुन्या डीव्हीडीकरितां आम्हीं बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह घेतला. यूएसबीच्या तारेंतूनच त्यास वीज मिळते आणि चित्रेंही वाहतात. १२ सेंटिमीटरांच्या चकतीवरील सूक्ष्म खळगे लेसरचा तांबडा किरण वाचतो. विंडोज ८ मधून (२०१२) डीव्हीडी लावण्याची मूळची सोय गेली, ती व्हीएलसीनें विनामूल्य भरून काढली.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें मुलें विचारतात. तबकडीवर ओरखडे पडतात, हें खरें. परंतु इंटरनेटवरील बोलपट मालकाच्या मर्जीनें एके दिवशीं नाहींसा होतो. कपाटांतील तबकडी कोणी परत मागत नाहीं. वडिलांनीं जपलेलें मुलांच्या हातीं देतां यावें, एवढीच आमची हांव आहे. भाड्याच्या वस्तूचा वारसा कोणास देतां येत नाहीं.