गल्लिचानो : डोंगरातलं ग्रीक बोलणारं गाव

भाचा इटलीच्या दक्षिण टोकाला, रेज्जो कालाब्रियात नोकरीला आहे. "खाला, समुद्र पुरे झाला, आता डोंगर बघू," म्हणाला आणि कोंदोफुरीहून गाडी आमेंदोलेआ नदीच्या काठाने वर निघाली. नदी कसली, नुसते पांढरे गोटे! उन्हाळ्यात पाणी नावालाच. वळणं मोजायची मी सोडून दिली. सहाशे मीटर उंचीवर गल्लिचानो लागलं. दगडी घरं, बरीचशी कुलूपबंद.

इथली जुनी माणसं अजून ग्रीक बोलतात. ती प्राचीन ग्रीक वसाहतींपासून चालत आली, असं जर्मन भाषातज्ज्ञ गेरहार्ड रोल्फ्स यांचं मत होतं. 1999 च्या कायद्याने तिला संरक्षण मिळालं, पण बोलणारे थोडेच उरलेत. जवळचं रोघुदी गाव तर 1971 च्या पुरानंतर ओसच पडलं.

दारात बसलेल्या आजीबाईंनी पाव, अंजिरं आणि सॉसेज पुढे केलं. सॉसेजला आम्ही नको म्हटलं. त्यांना राग आला नाही. शाळेत ग्रीक बोललं की मार बसायचा, त्या सांगू लागल्या. म्हणून मुलांना शिकवलीच नाही. भाचा समजावून सांगत होता, मी खाली बघत होते. वर्गात घरची कोकणी बोलणाऱ्या आपल्या मुलांना "नीट बोला" म्हणून मीही किती वेळा दटावलंय.

त्यांनी पेला भरून हातात दिला. "नेरो." म्हणजे पाणी. तुमच्या घरी काय म्हणतात, त्यांनी विचारलं.

"पानी," मी म्हणाले, अम्मी म्हणायची तसं.