पूर्वजांचा पत्ता : गडहिंग्लज

कोल्हापूरहून गडहिंग्लजला जाणारी एस.टी. निपाणी-संकेश्वरच्या वाटेने गेली, की महाराष्ट्राची हद्द ओलांडून कर्नाटकात शिरते आणि काही वेळाने गुपचूप परत महाराष्ट्रात येते. दुकानांवरच्या पाट्या कानडी होतात, पुन्हा मराठी होतात. खिडकीबाहेरचा ऊस मात्र दोन्हीकडे सारखाच डुलत असतो. हिरण्यकेशीकाठचे हे गाव मिरची-गुळाच्या बाजारासाठी प्रसिद्ध. मी मात्र तेथे गेलो तो माझे पूर्वज शोधायला!

झाले असे, की माझी पुतणी अमेरिकेत शिकते. शाळेत तिला वंशवृक्ष काढायला सांगितला. तिने लिहिले, "काका, पाच पिढ्यांची नावे पाठवा. बायकांचीसुद्धा." मराठीच्या प्राध्यापकाला मोडी येतच असणार आणि पूर्वजही पाठ असणार, अशी आमच्या घरच्यांची भाबडी समजूत आहे. पुरुषांची नावे मी पणजोबांपर्यंत घडाघडा म्हटली. पणजीपाशी मात्र गाडी अडली.

वाचकहो, आपल्या कुळाचा शोध घ्यायचा, तर सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. त्यावर फेरफारांचे जुने क्रमांक असतात. एकेक क्रमांक धरून मागे जावे. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा, वारसांची सहा-क आणि जन्ममृत्यूची चौदा. जोडीला गावच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहावे. त्याहून मागे जायचे, तर कोल्हापूर गाठावे. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानचे मोडी दप्तर तेथल्या पुरालेखागारात आहे. शेजारच्या चंदगडकरांना मात्र बेळगावची आठवण ठेवावी लागते, कारण तो तालुका 1956 पर्यंत त्या जिल्ह्यात होता. आणि मोडीला आता पुन्हा भाव आला आहे. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द पणतवाच्या शिक्षणाशी नि नोकरीशी जोडला गेला. तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांची लोक वाट पाहू लागले.

कागदाखेरीज या सीमाभागात एक चालतेबोलते दप्तरही आहे. ते म्हणजे हेळवी. पूर्वी ते बैलावर बसून येत. अंगणात बसून घराण्याचे मूळ गाव, कूळ, बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप असे धडाधड सांगत आणि सुपातले धान्य घेऊन पुढच्या दाराशी जात. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही गावागावांच्या यात्रेकरूंची अशीच नोंद सापडते.

पण या सगळ्यांत पणजी कोठे? तिचे नाव अखेर मला मिळाले ते फेरफाराच्या एका विटक्या पानावर. पणजोबा वारले, तेव्हा मुलगे लहान होते, म्हणून त्यांच्या नावांपुढे "अ. पा. क. आई" असे लिहून तिचे नाव घातले होते. अज्ञान पालन करणारी आई! क्षणभर आनंद झाला, आणि लगेच मनात आले, मुलगे त्या वेळी मोठे असते तर? तर ती या पानावर आलीच नसती. वैधव्य आणि पोरकी मुले, एवढी किंमत मोजून बाईचे नाव सरकारी कागदावर चढले होते. 1956 च्या वारसा कायद्याने आणि 2005 च्या दुरुस्तीने लेकींची नावे आता वारसांत लागतात. पुष्कळदा ती पुढच्याच फेरफाराला हक्कसोड होऊन निघूनही जातात.

हे आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. अमेरिकेची पहिली जनगणना 1790 साली झाली. तिच्यात नाव होते ते फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीची माणसे नुसती आकड्यांनी मोजली. स्वतंत्र माणसांपैकी प्रत्येकाचे नाव लिहायला 1850 साल उजाडावे लागले, आणि गुलामांची तेव्हाही बहुधा नावाविना वयेच नोंदली गेली. कर घेणाऱ्याला, जमीन वाटणाऱ्याला, दान मागणाऱ्याला ज्याचे काम पडते, त्याचेच नाव तो लिहून ठेवतो.

पणजीचे ते नाव एका नदीचे होते. पण तेही सासरचे. माहेरचे कोणते? गावात माझी ऐंशीच्या घरातली आत्या आहे. तिला विचारले. ती हसलीच.

"तिचं नाव घेतंय कोन रं? समदी म्हातारीच म्हनायची. जोंधळं मापताना कानडीत मोजायची बघ, ओंदु, एरडु... तिचा भाऊ यायचा नदीपल्याडनं. त्यो 'अक्का' म्हनून हाक मारायचा."

कोणत्याही दप्तरात नसलेली पणजी त्या एका वाक्यात माझ्यासमोर उभी राहिली! आमच्या मराठी घरात कानडी जोंधळा मोजला जात होता, हे मला कोणत्या नमुन्यात सापडले असते? पुतणीला मी दोन्ही नावे कळवली. कागदावरचे नदीचे, आणि भावाच्या तोंडचे अक्का.

तहसीलची दप्तरे दिवाळीनंतरही जागेवरच राहतील. घरातल्या म्हाताऱ्यांचे तसे नाही. यंदा भाऊबीजेला सगळे जमतील, तेव्हा ओवाळणीचे तबक खाली ठेवले, की घरातल्या सर्वांत वडील बाईंजवळ वही-पेन घेऊन बसा. तिच्या आईचे, आजीचे, आणि आठवत असेल तर त्यांच्या माहेरचे नाव विचारा. आणि तिने सांगितले तसे, तिच्याच शब्दांत लिहून घ्या.