मापाऱ्याचा हात

गेल्या पावसाळ्यात घशाच्या डॉक्टरांनी मला मोठ्यानं बोलायची बंदी केली आणि ज्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं मिरवत आलो ती हातची गेली. विरारच्या आमच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना मी राक्षस हसवला की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायची. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. पडद्याआड डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, रात्र रात्र जागून केलेले नकाशे आणि आकडे असतात. समोरच्यांपर्यंत पोचतो तो आवाज.

तो गेल्यावर एक जुनी अडचण उघडी पडली. टेबलावरच्या खलनायकाला कुणी बोलू देत नाही. ‘तो मी नव्हेच’ हे नाटक 1962 साली आलं तेव्हा पणशीकरांच्या लखोबाकडे फिरता रंगमंच होता, वेषांतरं होती, आणि जागेवरून न उठणारे प्रेक्षक होते. आमच्याच जिल्ह्यात मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात मुखवट्याचा राक्षस नाचत आला की गाव त्याला वाट करून देतं. आमच्याकडे तिसऱ्या वाक्याला कुणीतरी म्हणतं, ‘मी बाण मारते.’ फासा पडतो, वीस येतो, आणि महिनाभर घडवलेला माणूस आडवा. त्याला किल्ला द्या, अंगरक्षक द्या, मंत्र द्या. खेळाडू तेवढंच गणित मांडून येतात. मला असा माणूस हवा होता की ज्याला मारायला काहीच आडवं येत नाही आणि तरी धनुष्य उचललं जात नाही.

आमची सध्याची मोहीम 1739 च्या वसईत चालू आहे. साष्टी दोन वर्षांपूर्वीच मराठ्यांकडे गेलेली, चिमाजीअप्पांची फौज तटाखाली सुरुंग खणतेय, आत पोर्तुगीज शिबंदी आणि अडकलेली माणसं. टेबलावर भुईगावची एक कुपारी ख्रिस्ती मुलगी आहे. तिच्या घरात अजून सामवेदी बोलली जाते. तिच्या शेजारी बसणाऱ्याच्या घरी चिमाजीअप्पांची तसबीर आहे. तिसरा आगाशीचा, तो येताना सुकेळी आणतो. यांच्यासमोर राक्षस कुठल्या बाजूला उभा करणार? कप्तान दुष्ट केला तर एकीच्या पूर्वजांना हात लागतो, सरदार दुष्ट केला तर दुसऱ्याच्या. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये निघाला, आणि त्यातले ऑर्क जातीचे राक्षस पुढे कितीतरी वर्षं जन्मानंच वाईट होते. ते बदलणार असल्याचं प्रकाशकांनी जाहीर केलं 2020 मध्ये. वसईच्या टेबलाला ते कधीच परवडलं नसतं. इथं शत्रू झेंड्यावरून ठरवला की खेळ संपतो आणि भांडण घरी जातं.

म्हणून मी मापारी घेतला. कोठारातलं धान्य मोजून देणारा माणूस. झेंडा कुणाचाही असो, मापायला माणूस लागतोच. मे महिन्यात किल्ला पडला की हाच माणूस नव्या धन्याचं धान्य मोजायला बसणार. बळ म्हणाल तर चार हिट पॉइंट. लहान पोरानं ढकललं तरी पडेल.

मोठ्यानं बोलणं बंद असल्यानं मी घरचं जुनं पितळी माप टेबलावर आणलं, खाली फडकं अंथरलं आणि खरे तांदूळ ओतले. कप्तानाचा हुकूम आहे: दर घराला रोज एक माप, शीग लावून. मापारी माप भरतो, वर शीग चढते, आणि माप उचलायच्या आधी त्याचा तळवा काठावरून सहज फिरतो. शीग फडक्यावर. पहिल्या मापाला तो रीतीप्रमाणे ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, तीन. संध्याकाळी फडक्याची चार टोकं एकत्र येतात आणि ते आत जातं. एवढंच. पहिल्याच दिवशी खेळाडूंनी त्याच्या कोठाराचं मोडलेलं दार दुरुस्त केलं होतं, म्हणून त्यांच्या मापावरून हात फिरला नाही. ‘घ्या बाबांनो, तुमचे उपकार आहेत,’ एवढं तो पुटपुटला. दुसऱ्या सेशनपासून सगळे त्याला मापारीकाका म्हणायला लागले. ते ऐकून मला जो आनंद झाला तो राक्षसाच्या हसण्यानं कधी दिला नव्हता, आणि त्यात मुलांना फसवल्याचा आनंद किती होता हे मी मोजलेलं नाही.

पुढची गाठ इनसाइटची. खेळाडूला वास आला की तो फासा टाकून विचारतो, हा खोटं बोलतोय का? यावर माझ्या ओळखीचे बहुतेक डीएम खलनायकाला इतका मोठा आकडा देतात की फासा हरतोच. मला तो आडदांडपणा वाटतो. माझा मापारी खोटं बोलतच नाही. ‘काका, धान्य कमी का पडतंय?’ ‘तोंडं वाढली, बाबा.’ खरं आहे. ‘फडक्यावरचं कुठं जातं?’ ‘ज्यांच्यावाचून कोठार चालत नाही, त्यांच्याकडे.’ तेही खरं. त्यांनी कितीही चांगला फासा टाकला तरी मी हेच सांगू शकतो की माणूस प्रामाणिकपणे बोलतोय.

उपकार करणाऱ्या खलनायकाची ही वाट मला दाखवली ती ‘सामना’नं. जब्बार पटेलांचा 1975 चा सिनेमा, तेंडुलकरांचं लिखाण. निळू फुल्यांचा हिंदुराव त्या दारुड्या मास्तराला रस्त्यावरून उचलतो, घरात ठेवतो, खाऊपिऊ घालतो. लागूंचा मास्तर बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो तो त्याच घरात राहून, त्याचंच अन्न खाऊन. फुल्यांच्या पाटलांची नक्कल करणाऱ्यांना त्यांचा घोगरा आवाज आणि तिरपी नजर सापडते. पाहुणचार सापडत नाही.

आणि इतिहासही तेच सांगतो: देणाऱ्या हाताकडे कुणी संशयानं बघत नाही. वेढ्यात पोर्तुगिजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली, तेव्हा इंग्रजांनी पैसे दिले, पण चर्चची चांदी आणि तोफा तारण घेऊन. बुडणाऱ्याला हात देताना त्याची अंगठी काढून घ्यावी तसं. तरी वसईच्या गोष्टीत इंग्रजांना कुणी खलनायक म्हणत नाही.

हल्लीच्या टेबलांबद्दल मला बोलायचंय. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्यानं 1983 मध्ये स्ट्राड हा रक्तपिपासू खलनायक या खेळात आणला, त्यामागे एक साधा प्रश्न होता: तळघराच्या कुठल्याशा खोलीत हा रक्तपिपासू नुसता बसून काय करतोय? तो प्रश्न फार मोलाचा. पण आज मुंबईपासून विरारपर्यंत जो तो स्ट्राडचा वाडा, काळा झगा आणि अमेरिकन शोमधला खर्जातला आवाज उचलतो. प्रश्न कुणी उचलत नाही. दुसरी साथ दुःखी बालपणाची. बाप मारायचा, आई गेली, म्हणून हा शहर जाळतो. माझ्या मापाऱ्याचं बालपण मला ठाऊकसुद्धा नाही. त्याच्या मागं दुःख लावलं की खेळाडू त्याला माफ करण्यात गुंततात आणि स्वतःच्या पिशवीकडे बघायचं राहून जातं.

पण एवढं करूनही ज्या ठिकाणी मी अडतो ते ठिकाण सुटत नाही: त्यांना कळायचं कधी? लवकर कळलं तर बाण. उशिरा कळलं तर राग मापाऱ्यावर न जाता माझ्यावर येतो, आणि तो रास्त असतो. मी रांगेत एक आजी उभी केली, जिला पिशवीच्या वजनावरून हिशेब कळतो. काढून टाकली, ती बोलली असती तर शोध तिचा झाला असता. एक उपाशी मूल आणलं, तेही परत पाठवलं, कारण उपाशी मूल दाखवलं की कुठलाही डीएम रडवू शकतो. कुठल्या सेशनला, कुणाच्या तोंडून, किती इशाऱ्यांनंतर, हे मी लोकलमध्ये उभ्यानं घोकत असतो. दादर ते विरार दुसरा विषय नाही. शेवटी मी इशारे देणं थांबवलं आणि फक्त हात फिरवत राहिलो. दर सेशनला तोच तळवा, तोच काठ.

भुईगावचीनं विचारलं. मध्येच, सुकेळी खाता खाता: ‘काका, आपल्या मापाला शीग का असते?’

पुढचं झपाट्यानं झालं. त्यांनी मापाऱ्याला मारलं नाही, कोठारातून हाकलून दिलं. मग सकाळी माप कोण धरणार? आगाशीवाला पुढे सरसावला. मी माप त्याच्यासमोर सरकवलं. त्यानं शीग लावून सगळ्यांना दिलं, अगदी ओसंडून. रांगेतली शेवटची घरं रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, ‘सपाट भरलं तर किती घरं होतात?’ मी आकडा सांगितला. त्यानं तळवा फिरवला, आणि फडक्यावर पडलेलं गोळा करून तटावरच्या बरकंदाजांना दिलं, कारण ते उपाशी राहिले तर बुरूज जाणार होता. भुईगावची त्याच्यावर जी तुटून पडली ते भांडण वसई स्टेशनपर्यंत चालू होतं.

माझ्या हाताला न लागलेला खलनायक आता माझ्या समोरच्या खुर्चीत बसलाय, आणि तो वाईट माणूस नाही. काही मित्र म्हणतात, ते पात्र त्याच्याकडून काढून घे, एनपीसी कर, म्हणजे डीएमच्या हातातलं पात्र. मी करणार नाही. पुढच्या रविवारी जुना मापारी रांगेत उभा राहील, पिशवी घेऊन, सगळ्यांसारखा. त्याच्या मापाला शीग ठेवायची की नाही हे आगाशीवाल्यानं ठरवायचं. भुईगावचीनं शनिवारीच कळवलंय की ती तटावर असेल आणि धनुष्य बरोबर असेल. बाण कुणासाठी ते कळवलेलं नाही. मी कोठाराचा हिशेब पुन्हा करून ठेवलाय: सपाट मोजलं तरी तांदूळ पाच दिवसांत संपतो, आणि सुरुंगाला अजून आठ दिवस आहेत.