अनोळखी गावाची पत

पेठेतील जुना दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देताना ‘तुम्ही विश्वासू आहात ना’ असे त्यालाच कधी विचारीत नाही. तो घाऊक व्यापाऱ्याकडे चौकशी करतो, टेम्पोवाल्याला सहज विचारतो, मागील दिवाळीची देणी वेळेवर फिटली की नाही हे तिसऱ्याकडून काढून घेतो आणि पहिल्या खेपेला थोडाच माल देतो. ही सावधगिरी अंगवळणी पडलेल्या घरातली मुलगी एकटीने भोर-वेल्ह्याकडे निघाली, की मात्र सारे शहाणपण बाजूला राहते. ‘गाव सुरक्षित आहे का?’ एवढा एकच प्रश्न कोणा ओळखीच्याला फोनवर विचारला जातो. ‘हो, काही भीती नाही’ किंवा ‘नको, काळ बरा नाही’ यांपैकी जे उत्तर येईल, त्यावर जाणे ठरते किंवा मोडते.

प्रश्नच अपुरा आहे. एकच गाव सकाळी दहाला वेगळे असते आणि रात्री दहाला वेगळे. मार्गशीर्षात वेगळे आणि आषाढात वेगळे. त्यामुळे पत तपासायची ती गावाची, वेळेची, ऋतूची आणि परतीच्या वाटेची मिळून.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील शेजारी तालुके. पुणे-सातारा महामार्गावरून निघाले, की चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याचा रस्ता फुटतो. आणखी पुढे कापूरहोळला भोरचा. फाटे जवळजवळ असले तरी त्या रस्त्यांच्या टोकांची गावे एका मापाने मोजता येत नाहीत.

भोर हे जुने राजधानीचे गाव. शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा, पेठ आणि नीरेचा काठ राहिला. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती साधारण १८ हजार होती. नगरपरिषद, एस. टी. चे आगार, न्यायालय, पोलीस ठाणे, सरकारी रुग्णालय आणि औषधांची दुकाने असे सारे येथे चालत जाण्याच्या अंतरात आहे. अशा गावात एकट्या माणसावर नजरा पडतात. शहरातून आलेल्या मुलीला त्या प्रथम टोचतात. ‘कोणाकडे आलात?’ हा प्रश्न तर ओट्यावर बसलेल्या आजीपासून रसवंतीवाल्यापर्यंत सगळे विचारतात. त्यात चौकसपणा असतो, तशी राखणही असते. गावात आलेला माणूस कोणाच्या तरी नावावर जमा असला, म्हणजे गावाला बरे वाटते. ‘अमुक दुकानात काम आहे’ किंवा ‘राजवाडा पाहायला आले, चारच्या गाडीने परत’ एवढ्या उत्तराने काम भागते.

या प्रश्नाचा दुसरा प्रकार मात्र ओळखता आला पाहिजे. ‘एकट्याच आहात का? उतरलात कुठे? चला, मी सोडतो,’ असे एकामागून एक येऊ लागले, आणि विचारणारा चार लोकांत बोलण्याऐवजी बाजूला नेऊन बोलू लागला, की संभाषण तेथेच आवरावे. ‘घरचे मागून येत आहेत’ हे त्या वेळी खोटे असले तरी बोलावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. भला माणूस चारचौघांसमोर मदत करायला कचरत नाही.

आकडेवारीचा आधार घेऊ पाहणाऱ्यांच्या हाती फारसे लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल राज्ये आणि महानगरे यांचे चित्र दाखवतो, फार तर जिल्ह्याचे. वेल्ह्याच्या बाजारात संध्याकाळी काय स्थिती असते, हे त्यात नसते. शिवाय तो आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. जेथे तक्रार घ्यायला ठाणे तत्पर असते तेथे आकडा फुगतो, आणि जेथे लोक तोंड मिटून बसतात तेथे तो आखडतो. ताळेबंद नुसता वाचून कर्ज मंजूर करणाऱ्याची जी गत होते, तीच येथे होईल.

त्यापेक्षा दिवस मावळताना भोरच्या बसस्थानकावर पाऊण तास बसून जे कळते, ते अधिक खात्रीचे. शाळा-महाविद्यालयांच्या मुली गाडीची वाट पाहत निवांत उभ्या आहेत का, की घाईघाईने घोळक्यात सरकत आहेत? बायका एकेकट्या बाजारहाट करून परतत आहेत का? दुकानांच्या गल्ल्यावर स्त्रिया बसलेल्या दिसतात का? दिवे लागल्यावर किती दुकाने उघडी राहतात? गावच्या मुलीबाळी ज्या रस्त्याने सात वाजता जातात, तो रस्ता पाहुण्या मुलीलाही त्या वेळी चालतो. त्या जो टाळतात, तो पाहुणीने का टाळू नये? मुक्कामाच्या लॉजची परीक्षाही अशीच. ओळखपत्र मागणारा, वहीत नोंद करणारा आणि सही घेणारा व्यवस्थापक कटकट्या वाटतो, पण त्याची वही हीच पहिली सुरक्षितता. ‘राहू द्या हो, नोंदीचे काय एवढे,’ म्हणणाऱ्याकडून पिशवी उचलून निघावे. खोलीची आतली कडी स्वतः लावून पाहावी.

वेल्ह्यात हे सारे निकष थोडे बाजूला पडतात. येथे नगरपरिषद नाही; तोरण्याच्या पायथ्याचे हे ग्रामपंचायतीचे गाव. तालुक्याची लोकसंख्या २०११ साली अवघी ५४ हजारांच्या आसपास, आणि तीही डोंगरदऱ्यांत विखुरलेली. येथील माणूस सहसा मोकळा आणि आतिथ्यशील. येथला धोका बहुतेक वेळा माणसांकडून येत नाही. अंधार, धुके, पाणी आणि चुकलेली गाडी यांच्या रूपाने तो येतो. तोरणा १४०३ मीटर उंच. पावसाळ्यात माथ्यावर धुके उतरले, की दहा पावलांवरची वाट दिसत नाही, आणि दरीत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या सावलीतल्या वाटेवर त्याआधीच काळोख होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम असलेल्या घरातील मुलांना येथे एक सोय आपोआप मिळते: चारनंतर गडावर रेंगाळण्याचा मोह त्यांना कमी.

सोबत असली म्हणजे भीती नाही, हा समजही तपासून घ्यावा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात वाहून गेलेले पाच जण एकटे नव्हते. एकाच कुटुंबातील होते आणि एकमेकांना धरून उभे होते. केळदजवळच्या मढे घाटात आषाढ-श्रावणात जी झुंबड उडते, तिच्यात सोबत भरपूर असते, पण पाण्याला ती दिसत नाही. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाटही पावसाळ्यात कधी अवजड वाहनांना, तर कधी सर्वांनाच बंद करण्यात येतो. जिल्हाधिकाऱ्यांचे असे आदेश निघण्यापूर्वी तपासावेत. मुलीला एकटी जाऊ नको म्हणणारे घर मुलाला मित्रांबरोबर धबधब्याखाली जायला हसत परवानगी देते, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही.

आणखी एक अडचण नावांची. वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. राजगड हा किल्ला तर आहेच. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो असल्याने तेथे नव्या माणसांची ये-जा वाढणार. राजगड पोलीस ठाणे मात्र गडाच्या पायथ्याशी नसून महामार्गाजवळ नसरापूर भागात आहे. संकटात ११२ क्रमांकावर ‘मी राजगडला आहे’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? गावाचे आणि वाटेचे नाव सांगावे: गुंजवणे, चोरदरवाजाची वाट, किंवा पाली दरवाजाची वाट. या दोन वाटा गडाच्या वेगवेगळ्या अंगांना उतरतात. गाडी गुंजवण्यात लावून पालीच्या बाजूला उतरलेला माणूस संध्याकाळी वाहनापासून दूर, अनोळखी रस्त्यावर उभा राहतो. गडावर मुक्काम चालतो की नाही, हेही चालू नियमानुसार आधीच विचारून घ्यावे.

प्रसंग ओढवलाच, तर ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. पुण्याला पोहोचून दिलेली तक्रारही चालते. ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते.

वेल्ह्यात एकट्याने गड चढणाऱ्यासाठी सर्वांत उपयोगी व्यवस्था खानावळीत होते. सकाळी चढण्यापूर्वी पायथ्याच्या घरगुती खानावळीत जेवण सांगून ठेवावे: पिठले-भाकरी, कांदा-लसूण न घालता, चार वाजता. थोडे पैसे आगाऊ द्यावेत, नाव आणि घरचा फोन क्रमांक लिहून द्यावा, कोणत्या वाटेने जाणार आणि कोणत्या वाटेने उतरणार तेही सांगावे. भाकरी थापून वाट पाहणारी बाई पाच वाजता दारात येऊन डोंगराकडे पाहते, साडेपाचला वरून उतरणाऱ्या मुलांना विचारते, आणि सहाला गावातल्या दोन जाणत्यांना हाक मारते. परतीच्या शेवटच्या एस. टी. ची वेळही तिलाच विचारावी. स्थानकावरचा फलक जुना असू शकतो. गाडी रोज किती वाजता येते हे तिला पाठ असते.